वारस : पदवीचा, गादीचा आणि सातबाऱ्याचा

वारसाहक्काच्या कायद्यावर गावात बैठक घेतली, की एक वाक्य हमखास ऐकू येतं. कायदा काय म्हणतो ते बायका नीट ऐकून घेतात, माना डोलावतात, एखादी प्रश्नही विचारते. आणि मग कुणीतरी, बहुतेक वेळा घरातली वडीलधारी बाईच, म्हणते, "ते समदं खरं बाई, पण वारस म्हणजे मुलगा, हे काय आजचं आहे का? पिढ्यान् पिढ्या चालत आलंय." या वाक्यापाशी चर्चा अडते. कारण जे चालत आलंय ते कुणी केलं, हा प्रश्नच उरत नाही. ते पावसासारखं, तापीच्या पुरासारखं होऊन बसतं. त्याच्याशी भांडायचं कसं?

या लेखात मला एवढंच मांडायचं आहे की हा नियम आपोआप चालत आलेला नाही. तो वेळोवेळी माणसांनी कागदावर लिहिला, त्यावर तारखा आहेत, शिक्के आहेत. ज्यांनी लिहिला त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तो वाकवलाही. हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते पदव्या आणि गाद्यांच्या इतिहासात. जमीन वाटता येते, घराच्या मधोमध भिंत घालता येते, दागिने तोलून देता येतात. पदवीचे तुकडे होत नाहीत. ती एकालाच मिळते. त्यामुळे ती कुणाला मिळणार आणि कुणाला नाही, हे आडपडदा न ठेवता लिहावं लागतं. राजेरजवाड्यांच्या गोष्टींत आपल्याला रस असायचं कारण नाही. पण त्यांच्या घरात जो नियम लिहिला गेला, तोच पुढे पाटलाच्या वाड्यात आणि तिथून आपल्या सातबाऱ्यावर आला. म्हणून तो बघायला हवा.

सुरुवात डलहौसीपासून करू. शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी हे नाव वाचलं आहे. १८४८ साली तो गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले. पोटचा मुलगा नव्हता. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, पण डलहौसीच्या कारकिर्दीत तो दत्तक नामंजूर झाला आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव वारले, डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले. पुढच्या वर्षी दोन्ही राज्यं कंपनीने घेतली. नागपूरच्या राजवाड्यातले हत्तीघोडे आणि जडजवाहीर लिलावात निघाले. झाशीत गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मूल दत्तक घेतलं होतं, तेही नाकारलं गेलं.

या तिन्ही घरांत त्या वेळी बायका होत्या. साताऱ्यात विधवा राणी होती. नागपुरात वयोवृद्ध बांकाबाई होत्या, त्यांना राज्यकारभाराचा अनुभव होता. झाशीत लक्ष्मीबाई होत्या. पण कंपनीने 'वारस नाही' असा शेरा मारला. घरात माणसं होती आणि तरी वारस नव्हता! आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी डलहौसीवर टीका केली ती दत्तक मुलगा नाकारल्याबद्दल. ती योग्यच आहे. पण बाईला वारस धरलंच नाही, हे त्या पुस्तकांनाही खटकलं नाही. कंपनी आणि दरबार यांच्यात भांडण होतं ते कोणता मुलगा चालेल यावर. मुलगाच हवा, यावर दोघांचं एकमत होतं.

आता याच डलहौसीच्या घरात डोकावू. त्याच्या घराण्याकडे स्कॉटलंडमधली अर्ल ही जुनी पदवी होती. पंजाब जिंकल्याबद्दल १८४९ साली इंग्लंडच्या राणीने त्याला वर मार्क्विस ही मोठी पदवी दिली. अशी पदवी देताना सनद निघते आणि पदवी पुढे कुणाकडे जाईल ते त्या सनदेतच लिहिलेलं असतं. नेहमीचा मजकूर असा, की पदवीधारकाच्या औरस पुरुष संततीकडे ती जाईल. डलहौसीला मुलगा झाला नाही. दोन मुली होत्या, सुझन आणि एडिथ. १९ डिसेंबर १८६० रोजी तो वारला आणि मार्क्विस ही पदवी तिथेच संपली. अर्लची जुनी पदवी चुलत भावाकडे गेली. ज्याने साताऱ्याला, नागपूरला आणि झाशीला 'वारस नाही' म्हणून सांगितलं, त्याच्या स्वतःच्या पदवीलाही बारा वर्षांच्या आत तोच शेरा मिळाला. दोन्ही मुली त्या वेळी जिवंत होत्या.

यातल्या एडिथचं महाराष्ट्राशी आणखी एक नातं आहे. तिचं लग्न सर जेम्स फर्ग्युसन यांच्याशी झालं. हेच फर्ग्युसन पुढे १८८० ते १८८५ मुंबईचे गव्हर्नर होते आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला त्यांचंच नाव आहे. एडिथ मात्र त्याआधीच, १८७१ साली वारली होती. नवऱ्याकडे बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी होती, ती अर्थात नवऱ्याची. बापाची पदवी तिला मिळू शकत नव्हती आणि नवऱ्याची होती ती नवरा आहे तोवर, त्याच्या नावाला जोडून. साहेबाची मुलगी आणि साहेबाची बायको, पण तिच्या स्वतःच्या नावावर काय होतं? हा प्रश्न आपल्याला परका नाही.

इंग्लंडमध्ये सगळ्याच पदव्या अशा नव्हत्या, हेही लक्षात घ्यायला हवं. सनदेशिवाय, पार्लमेंटच्या बोलावण्यामुळे निर्माण झालेल्या फार जुन्या काही पदव्या मुलीकडे जाऊ शकतात. पण तिथेही मेख आहे. मुलगे अनेक असतील तर थोरल्याला पदवी. मुली अनेक असतील तर त्या सगळ्या सारख्या, म्हणून कुणालाच नाही! पदवी अधांतरी लटकते, कधी शंभर शंभर वर्षं, जोवर त्यातली एकच शाखा उरत नाही किंवा राजा मेहेरबान होत नाही. मुलींना समान मानलं ते फक्त काहीही न देण्यासाठी.

आणि ज्यांना मिळाली त्यांचं काय झालं? मार्गारेट ऱ्होंडा हे नाव आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींना माहीत असायला हवं. ती मताधिकारासाठी लढणारी बाई. टपालपेटीला आग लावली म्हणून १९१३ साली तुरुंगात गेलेली. बापाला मुलगा नव्हता, ही एकच मुलगी. त्याने सनदेत खास कलम घालून घेतलं आणि १९१८ साली त्याच्या मृत्यूनंतर व्हायकाउंट ही पदवी तिला मिळाली. त्या पदवीबरोबर तेव्हा लॉर्ड्सच्या सभागृहात बसायचा हक्क येत असे. तिने तो मागितला. १९१९ साली स्त्रियांवरची बंधनं काढणारा कायदा झाला होता, त्याचा आधार घेतला. १९२२ साली लॉर्ड्सच्या समितीने आधी होकार दिला, मग पुन्हा विचार करून नकार दिला. पदवी तुझी, पण खुर्ची तुझी नाही. दरम्यान तिने १९२० साली बायकांनी चालवलेलं एक साप्ताहिक सुरू केलं होतं आणि ती आयुष्यभर त्यातून लिहीत राहिली. १९५८ मध्ये हयातीपुरती पदवी देऊन स्त्रियांना लॉर्ड्समध्ये घेण्याचा कायदा झाला, त्याच वर्षी जुलैमध्ये ती वारली. तिच्यासारख्या वारसाने पदवी मिळालेल्या बायकांना तिथे बसता येऊ लागलं ते १९६३ साली.

सनदेत खास कलम घालता येतं, हा या गोष्टीतला महत्त्वाचा भाग. ज्यांची वर ओळख आहे त्यांच्यासाठी नियम वाकतो. आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या. त्यांच्या पदव्यांच्या सनदांत मुलींना वारस धरण्याची तरतूद केली गेली आणि १९७९ साली त्यांच्या हत्येनंतर थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. मग प्रश्न असा, की 'पिढ्यान् पिढ्या चालत आलेला' नियम जर एका बापाच्या इच्छेने एका ओळीत बदलतो, तर तो बाकीच्यांसाठी का बदलत नाही? २०१३ साली ब्रिटिश पार्लमेंटने राजगादीच्या बाबतीत कायदा केला. त्यानुसार २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या राजघराण्यातल्या मुलीला तिच्या धाकट्या भावामुळे मागे सारलं जाणार नाही. पण तो राजगादीपुरताच. इतर घराण्यांच्या पदव्यांना त्याने हात लावला नाही.

हे झालं विलायतेचं. आता आपल्या जवळ या. आमचं सारंगखेडा तापीच्या काठावर आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिमेला नवापूर, त्याच्या पलीकडे सोनगड. हे सोनगड म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांचं सुरुवातीचं ठाणं. या मराठी घराण्यातली एक घटना वारसाच्या बाबतीत फार बोलकी आहे.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव गायकवाड वारले. मुलगा नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या. गादीवर खंडेरावांचे भाऊ मल्हारराव बसले, पण त्या बाईच्या पोटात काय आहे ते कळेपर्यंत सगळा मामला लटकलेला. मुलगा झाला तर तो राजा. मुलगी झाली तर मल्हारराव कायम. मैत्रिणींनो, त्या दिवसांत जमनाबाईंच्या मनावर काय ओझं असेल, याची कल्पना आपल्याला करता येते. राजवाडा असो की झोपडी, हे ओझं आपल्यापैकी कितीजणींनी वाहिलेलं आहे. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली. तिचं नाव ताराबाई. मल्हारराव कायम झाले. पुढे गैरकारभाराच्या आरोपावरून १८७५ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी दिली.

आता बघा. खंडेरावांची मुलगी हयात होती, चार वर्षांची होती. तरीही नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावातून, घराण्याच्या अनेक पिढ्यांपूर्वी फुटलेल्या शाखेतला गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा शोधून आणला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि तो सयाजीराव झाला. घरातली मुलगी वारस नाही, परगावचा मुलगा वारस! हा निर्णय एकट्या दरबाराचा नव्हता किंवा एकट्या इंग्रजांचाही नव्हता. दोघांनी मिळून घेतला. १८७७ साली इंग्रज सरकारने या दत्तक मुलाला जो किताब दिला त्याचा अर्थच मुळी 'इंग्रज सरकारचा खास पुत्र' असा होतो. पुत्र मानायला रक्त लागत नाही, हे सरकारला मान्य होतं. मुलीला वारस मानायला मात्र रक्त पुरेसं नव्हतं. सयाजीराव पुढे फार चांगले राजे निघाले. मुलींसह सर्वांना सक्तीचं शिक्षण त्यांनी १९०६ साली राज्यभर लागू केलं, याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. पण तो मुद्दा वेगळा. ताराबाई राज्य कशी करती, हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण तिला विचारातच घेतलं नाही. तिचं लग्न सावंतवाडीच्या राजघराण्यात करून दिलं.

कुणी म्हणेल, राजघराण्यांचं राहू द्या, आमचा काय संबंध? संबंध १८८६ सालचा आहे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, महार अशी गावोगावची वतनं वंशपरंपरेने चालत. त्यासाठी मुंबई इलाख्यात १८७४ साली वतन कायदा झाला होता. १८८६ साली सरकारने त्यात पाचव्या क्रमांकाच्या कायद्याने दुरुस्ती केली. काय दुरुस्ती? शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून वतनदार घराण्यातली कुठलीही बाई, आणि बाईच्या नात्याने हक्क सांगणारा कुठलाही माणूस, यांचा नंबर घराण्यातल्या वारसास पात्र अशा प्रत्येक पुरुषानंतर लागेल. प्रत्येक पुरुषानंतर! म्हणजे बाप गेला, आई गेली, एकुलती एक मुलगी आहे. पण चार पिढ्यांपलीकडचा एखादा भाऊबंद जिवंत असेल तर वतन त्याचं.

हे त्या काळच्या सर्वसाधारण हिंदू कायद्यापेक्षाही मागे जाणं होतं, हे लक्षात घ्या. मुंबई इलाख्यात बाप विभक्त असेल आणि मुलगा, विधवा नसेल, तर मुलगी वारस होत असे. बंगाल, मद्रासकडे अशा मुलीला मिळकत हयातीपुरती मिळायची. आपल्याकडे मात्र ती पूर्ण मालकीने मिळे. म्हणजे 'चालत आलेलं' जे होतं, त्यात मुलीला काही जागा होती. ती जागा वतनांपुरती एका सरकारी कायद्याने काढून घेतली. हिशेब उघड आहे. वतन म्हणजे चाकरीचा मोबदला, चाकरी पुरुष करणार, म्हणून जमीनही पुरुषाकडे राहावी. विलायती सनदेतलं 'पुरुष संतती' हे कलम खानदेशातल्या पाटलाच्या वाड्यात शिरलं ते हे असं. आणि आज आपण त्याला आपली संस्कृती म्हणतो.

वतनं गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने, पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून. पण वतनाच्या जमिनी गेल्या का? ठरलेली रक्कम भरून त्या जुन्या वतनदारांनाच परत मिळायची सोय होती. आणि तेव्हा वतनदार म्हणून कागदावर कुणाची नावं होती? पाऊणशे वर्षं १८८६ च्या चाळणीतून गाळून राहिलेली, म्हणजे जवळजवळ सगळी पुरुषांची. तीच नावं पुढे सातबाऱ्यावर आली. कायदा रद्द झाला, पण त्याने तयार केलेली यादी राहिली.

राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने सरकारी पदव्या बंद केल्या. १९७१ साली २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. तरीही १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या ५ व्या कलमात आजही एक सवलत आहे. संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या कराराने, किंवा जुन्या एखाद्या कायद्याने, जी मिळकत एकाच वारसाकडे जाते तिला हा कायदा लागू नाही. सामान्य घरात मुलगी हिस्सेदार आणि राजघराण्यात परंपरा! आमच्या भागात लग्नपत्रिकांवर राजे, सरकार, श्रीमंत ही बिरुदं अजून छापली जातात. छापोत बापडे. बिरुदाने कुणाचं पोट भरत नाही. पण त्या पत्रिकेत मुलीच्या नावापुढे 'चि. सौ. कां.' आणि मुलाच्या नावापुढे घराण्याचं बिरुद असतं, तेव्हा वारसाचा तोच जुना नियम पुन्हा एकदा छापून वाटला जातो.

दत्तजयंतीला आमच्या गावात घोड्यांचा मोठा बाजार भरतो. काठेवाडी, मारवाडी जातिवंत घोडे येतात. तिथे घोड्याची पारख करताना त्याची आई कोण, हे आवर्जून विचारलं जातं. काठेवाडी घोड्यांच्या जुन्या घराण्यांना तर मूळ घोडीचीच नावं आहेत. जनावराचं कूळ आईवरून सांगताना कुणाला परंपरा मोडल्यासारखी वाटत नाही. माणसाच्या कागदावर मात्र आईचं नाव यायला २०२४ साल उजाडावं लागलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं.

आता आजच्या कायद्याकडे येऊ, कारण लढाई तिथे आहे. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद काढला आणि शेतजमिनीबद्दलची पळवाटही बंद केली. तरी बाप २००५ मध्ये जिवंत हवा की नको यावर पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हक्क जन्माने आहे, बाप त्या दिवशी जिवंत असायची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी उकरता येणार नाही.

हे हिंदू कुटुंबांचं. आमच्या शहादा, तळोदा, अक्राणी भागात भिल्ल, पावरा बाया मोठ्या संख्येने आहेत. त्यांना हिंदू वारसा कायदा लागूच नाही, त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या आहेत. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, सावकार-जमीनदारांनी गिळलेल्या जमिनींसाठी लढा झाला, त्यात या बाया पुढे होत्या. दारूचे मडके त्यांनीच फोडले. जमिनी सुटल्या त्या मात्र पुरुषांच्या नावे सुटल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात महत्त्वाचा निकाल दिला. बाईला वारस न धरण्याची रूढी आहे, असं जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी; ती सिद्ध होत नसेल तर बाईला नाकारणं समानतेच्या विरुद्ध आहे. याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा तर 'चालत आलंय' एवढं म्हणून आता भागणार नाही. कधीपासून, कुठे, दाखवा. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर विवाहितांच्या दाव्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं लिहिलेलंच आहे. आपल्या गावातल्या पट्ट्यांवर दोन नावं आहेत का, हे किती गटांनी तपासलं?

मग हक्क अडतो कुठे? तो अडतो हक्कसोडपत्रावर. बाप गेला की तेराव्याच्या आसपास बहिणी माहेरी असतात. रडून डोळे सुजलेले असतात. भाऊ म्हणतो, वारसनोंद करायची आहे, सही लागेल. कागदात काय आहे ते वाचून दाखवलं जात नाही. जी विचारते तिला सांगतात, आखाजीला यायचं आहे ना? भाऊबीजेला यायचं आहे ना? माहेराची वाट बंद होईल, ही भीती आपल्या बाईला कोर्टापेक्षा मोठी वाटते, आणि ती खोटी नाही. नवऱ्याने टाकलं, सासरी मारहाण झाली, तर तिला जायला तेवढीच एक जागा असते. ती जागा टिकावी म्हणून ती त्याच जागेवरचा हक्क सोडते. कायदा तिला वारस म्हणतो आणि सही करून ती स्वतः 'वारस नाही' असं लिहून देते. डलहौसीला निदान शेरा स्वतः मारावा लागत होता.

यावर नेहमीची उत्तरं येतात. जमिनीचे तुकडे होतील, हे पहिलं. विलायतेतही थोरल्या मुलालाच सगळं द्यायचं समर्थन हेच होतं. पण चार भावांत तुकडे होतात तेव्हा ही काळजी कुठे जाते? एकत्र कसायची असेल तर सातबाऱ्यावर बहिणीचं नाव असूनही कसता येते, उत्पन्नातला वाटा देता येतो. दुसरं, तिच्या लग्नात खर्च केला, हुंडा दिला. हुंडा गुन्हा आहे, तो सासरच्यांच्या हाती गेला, तिच्या नव्हे. भावाच्या लग्नाचा खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा केल्याचं कुणी ऐकलं आहे का? तिसरं, जावई शिरजोर होईल. या भीतीत तथ्य आहे. पण त्यावर उपाय बहिणीला बाजूला सारणं नव्हे, तर जमीन तिच्याच नावावर आणि तिच्याच ताब्यात राहील हे बघणं.

आपल्या गटांनी काय करता येईल? मला चार गोष्टी सुचतात. एक, गावात कुणाचाही मृत्यू झाला की महिन्याभरात गटातल्या दोघींनी त्या घरच्या मुलींना भेटावं, वारसनोंदीच्या अर्जात त्यांची नावं आहेत का ते विचारावं. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, फेरफाराची नोटीस काढतो आणि हरकतीला पंधरा दिवस असतात. ही नोटीस माहेरच्या चावडीवर लागते आणि बाई असते सासरी, म्हणून ती बातमी पोचवणं हे आपलं काम. दोन, सुतकात आणि दिवसांच्या आत कुणाही बहिणीने सही करायची नाही, असा ठराव महिला ग्रामसभेत घ्यावा. कायद्याचं बळ नसलं तरी 'गावाने ठरवलंय' असं म्हणायला तिला आधार मिळतो. तीन, हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय कायद्याने चालत नाही, हे प्रत्येकीला माहीत असावं. तोंडी सोडलेला हक्क किंवा साध्या कागदावरची सही म्हणजे हक्क गेला असं नाही. आणि आपली मागणी अशी असावी, की नोंदणी करताना दुय्यम निबंधकाने बाईला घरच्या माणसांशिवाय, एकटीला बसवून, तिच्या बोलीत कागद वाचून दाखवावा. चार, माहेरपणाचा आधार भावाच्या मर्जीवर सोडू नये. हक्क मागितल्यावर जिचं माहेर तुटेल, तिच्या आखाजीला गटाने उभं राहावं, तिला घरी बोलवावं. हे केल्याशिवाय बाकीच्या तीन गोष्टींचा उपयोग नाही.

साताऱ्याची गादी गेली, नागपूरची गेली, डलहौसीची मार्क्विस पदवी गेली, बडोद्याचं संस्थान विलीन झालं, पाटीलकी गेली. त्यांच्याबद्दल हळहळ वाटण्याचं आपल्याला कारण नाही. पण ज्या नियमाने त्या पुरुषाकडून पुरुषाकडे गेल्या, तो नियम अजून प्रत्येक तहसील कचेरीत रोज एकेका सहीने चालू आहे. या तिमाहीत आपापल्या गावातले गेल्या पाच वर्षांतले वारस फेरफार बघा. त्यात मुलींची नावं किती, आणि किती ठिकाणी हक्कसोडपत्राने कमी झाली, हे लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती गावं एकत्र मांडता येतील. मग तहसीलदारांपुढे बोलताना आपल्या हातात सातबाऱ्याचे उतारे असतील.